केल्टिक शिलालेखांतली माणसांची नावं कशी उलगडायची

केल्टिक लेख, म्हणजे पश्चिम युरोपातल्या जुन्या केल्टिक भाषांतला लेख, समोर आला की आपल्याकडचा वाचक आधी नावाचा अर्थ लावायला बसतो. '-रिक्स' दिसलं की राजा, 'देवो-' दिसलं की देव, आणि दहा मिनिटांत नाव सुटलं म्हणून वही बंद. हा क्रम उलटा आहे. आधी लिपी काय दाखवू शकते आणि काय दाखवूच शकत नाही ते बघायचं. मग लेखाचा साचा, मग विभक्ती, मग नावाचं मूळ रूप, मग समासाची फोड. अर्थ सगळ्यात शेवटी, आणि तोही निघाला तरच.

सातारा-सांगली पट्ट्यात मोडी कागद वाचणारे, वीरगळ नोंदवणारे, कराडच्या आगाशिव डोंगरातल्या लेण्यांसमोर ब्राह्मी अक्षरं जुळवत उभे राहणारे लोक बरेच आहेत. त्यांना हे काम परकं वाटणार नाही. कराडच्या लेण्यातला दानलेख घ्या: गोपालाचा मुलगा संघमित्र याचं लेण्याचं दान. तिथे 'पुत' आणि 'संघमित्र' दोन्हींना प्राकृतातल्या षष्ठीचा '-स' लागलेला आहे, कारण दान 'त्याचं' आहे. तो '-स' काढल्याशिवाय माणसाचं नाव हाती येत नाही. आयर्लंडमधल्या ओगम दगडांवर (ओगम म्हणजे दगडाच्या कडेवर रेघा-खाचा पाडून लिहिण्याची लिपी) नेमकं हेच करावं लागतं, फक्त प्रत्यय वेगळे.

लागणारं साहित्य थोडं आहे. आखीव मोठी वही, आलेखाचा कागद, पेन्सिल, आणि लेखाचं छायाचित्र ए-फोर कागदावर मोठं करून छापलेलं. ओगम दगडांची त्रिमितीय चित्रं डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीजने महाजालावर खुली ठेवली आहेत. ब्रिटनमधल्या रोमनकालीन लेखांचा संग्रहही मोफत बघता येतो. चित्र नुसतं पाहू नका. फिरवून, उजेडाची दिशा बदलून पाहा. तिरप्या उजेडात दिसणारी रेघ समोरच्या उजेडात पार नाहीशी होते. याचा सराव घरच्या घरी करायचा असेल तर गावातल्या एखाद्या वीरगळावर संध्याकाळी टॉर्च अगदी दगडाला समांतर धरून बघा. दगडावर खडू, तेल, पीठ काही चोळू नका, आणि शेंदूर असेल तर खरवडू नका.

लिपी काय लपवते

केल्टिक भाषांना स्वतःची एक लिपी नव्हती. जिथे जी मिळाली ती त्यांनी घेतली. दक्षिण फ्रान्समध्ये ग्रीक अक्षरं, नंतर सगळ्या गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) रोमन, उत्तर इटलीत एत्रुस्कनवरून घडवलेली लुगानो लिपी, स्पेनमध्ये इबेरियन लिपी, आयर्लंड आणि पश्चिम ब्रिटनमध्ये ओगम. प्रत्येकीची खोड वेगळी, आणि नाव चुकतं ते बहुधा इथेच.

लुगानो लिपीत क आणि ग, त आणि द, प आणि ब यांना साधारणपणे एकच अक्षर. तमिळ वाचणाऱ्याला हे लगेच कळेल. म्हणून 'त्रुतिक्नोस' असं दिसलं तर ते 'द्रुतिग्नोस' किंवा 'द्रुतिक्नोस'ही असू शकतं, आणि तिन्ही शक्यता वहीत लिहून ठेवायच्या.

स्पेनमधल्या केल्टिबेरियन या केल्टिक भाषेची लिपी अर्धी बाराखडी आहे. का, के, की, को, कू यांना स्वतंत्र चिन्हं, तशीच त आणि ब वर्गाची. बाकीचे व्यंजन आणि स्वर मात्र सुटे. इथेही बऱ्याच ठिकाणी घोष-अघोष भेद दाखवलेला नसतो. शिवाय क, त, ब यांना सुटं व्यंजनच नसल्यामुळे जोडाक्षर लिहिताना एक तर मधे फुकटचा स्वर घालावा लागतो, नाही तर एक व्यंजन गाळावं लागतं. 'रेतुकेनोस' हे नाव रोमन अक्षरांत 'रेक्तुगेनुस' असं मिळतं. म्हणजे एक क गळाला आणि ग चा क झाला. मागचं '-केनोस' हे 'जन्मलेला' या अर्थाचं '-गेनोस' आहे, हे रोमन लेखाशिवाय सुचलंही नसतं.

रोमन अक्षरांतल्या गॉलिश (गॉलची केल्टिक भाषा) लेखांत दोन गोष्टी डोक्यात ठेवा. दोन उभ्या रेघा शेजारी-शेजारी असतील तर ते बहुधा 'ए' असतं, दोन 'इ' नव्हेत. आणि मधोमध आडवी रेघ मारलेला डी हा वेगळाच उच्चार आहे, साधारण 'त्स'च्या जवळचा. तेच नाव दुसऱ्या लेखात साध्या डी-ने किंवा दुहेरी एस-ने लिहिलेलं सापडतं. कुंभाराच्या शिक्क्यांवर 'मेद्दिल्लुस' आणि 'मेस्सिल्लुस' ही दोन माणसं समजू नयेत, एकच नाव आहे.

ओगमचं थोडं सविस्तर सांगायला हवं. दगडाची उभी कड हीच ओळ. वाचन डावीकडच्या कडेवर खालून सुरू होतं, वर जातं, लेख लांब असेल तर माथ्यावरून वळून दुसऱ्या बाजूने खाली येतं. अक्षरं वीस, पाच-पाचच्या चार गटांत. वर वाचत जाताना कडेच्या उजवीकडे एक ते पाच रेघा: ब, ल, व, स, न. डावीकडे एक ते पाच: ह, द, त, क, क्व. कड ओलांडून तिरक्या रेघा एक ते पाच: म, ग, मग दोन क्वचित येणारी अक्षरं, आणि पाचवा र. कडेवरच्या बारीक खाचा म्हणजे स्वर: एक खाच अ, दोन ओ, तीन उ, चार ए, पाच इ.

सगळी मोजदाद रेघांची असल्यामुळे एक टवका उडाला की अक्षर बदलतं. पाचातली एक खाच झिजली की इ चा ए होतो, डावीकडची एक रेघ गेली की क्व चा क. स्वरांच्या खाचा कडेवरच असतात आणि दगडाची कड सगळ्यात आधी झिजते, म्हणून ओगम लेखांत स्वर सगळ्यात बेभरवशाचे. उलट त्रासही होतो: इ-नंतर लगेच अ आला तर सलग सहा खाचा दिसतात, आणि पाच अधिक एक की दोन अधिक चार हे मधल्या अंतरावरूनच ठरवावं लागतं. म्हणून आलेखाच्या कागदावर प्रत्येक खाच एका चौकोनात, खऱ्या अंतराच्या प्रमाणात मांडा. घाईघाईने 'ओळखीचाच शब्द असेल' म्हणून लिहून टाकलेलं वाचन पुढे सगळं बिघडवतं.

आधी चौकट, मग नाव

कोणत्याही लेखात नाव शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे नाव नसलेले शब्द आधी ओळखणं. हे शब्द ठरावीक असतात आणि थोडेच असतात.

ओगममध्ये तो शब्द 'माक्वी', म्हणजे 'मुलाचा'. दगडावर त्याचा आकार पाठ करून ठेवा: एक तिरकी रेघ, एक खाच, डावीकडे पाच रेघा, पाच खाचा. हा नमुना सापडला की त्याच्या आधी माणसाचं नाव, नंतर बापाचं. 'मुकोई' आलं तर पुढे येतं ते कुळाच्या मूळपुरुषाचं नाव. 'अवी' म्हणजे नातू किंवा वंशज. आयर्लंडमधल्या आर्डमोरच्या दगडावर 'लुगुदेक्कास माक्वी मुकोई नेतासेगामोनास' असं आहे. इथे नेतासेगामोनास हा बाप नव्हे, कुळपुरुष. 'माक्वी' आणि 'मुकोई' एकत्र आले की बापाचं नाव लेखात नाहीच, ही गोष्ट नवीन वाचकाच्या हमखास नजरेतून सुटते आणि वंशावळीत एक पिढी नाहक वाढते.

गॉलमध्ये देवाला काही अर्पण केल्याचे लेख असतात. तिथे 'इएउरु' (ग्रीक अक्षरांत 'एइओरू') हे 'अर्पण केलं' या अर्थाचं क्रियापद खुंटीसारखं: याच्या अलीकडे अर्पण करणारा, पलीकडे देव आणि वस्तू. फ्रान्समधल्या व्हेझों-ला-रोमेनचा लेख याचा नमुना आहे. सेगोमारोस, विल्लोनेओस, तोउतिउस ('नागरिक'), नामाउसातिस, मग एइओरू, मग बेलेसामी, मग 'हे नेमेतोन'. सेगोमारोस हे माणसाचं नाव, विल्लोनेओस म्हणजे विल्लूचा मुलगा, नामाउसातिस म्हणजे नीम शहराचा रहिवासी, बेलेसामी ही देवी, नेमेतोन म्हणजे पवित्र जागा. चार नावांसारखे शब्द, पण व्यक्तिनाव एकच आणि दुसरं बापाच्या नावावरून केलेलं विशेषण.

स्पेनचा साचा सगळ्यात भरगच्च आणि आपल्याला सगळ्यात ओळखीचा. हाताच्या आकाराच्या एका छोट्या कांस्यफलकावर 'लुबोस अलिसोकुम अउआलो के कोंतेबिआस बेलाइस्कास' असं आहे. लुबोस हे नाव. अलिसोकुम हे घराण्याचं नाव, षष्ठी अनेकवचनात, म्हणजे 'अलिसोकांपैकी'. अउआलो हे बापाचं नाव षष्ठीत. 'के' हा 'मुलगा' या शब्दाचा संक्षेप. शेवटी गाव, कोंत्रेबिया बेलाइस्का. जमिनीच्या दस्तात नाव, बापाचं नाव, आडनाव, 'राहणार अमुक, तालुका वाळवा' असं लिहितात तेच सगळे घटक, फक्त आडनाव बापाच्या आधी. म्हणून '-कुम' दिसलं की ते घराणं, त्याला व्यक्तीचं नाव समजू नका. बोतोर्रिता इथल्या पहिल्या फलकाच्या मागच्या बाजूला अशीच यादी आहे, 'लेतोंतू लितोकुम अबुलोस बिंतिस' वगैरे. तिथे 'के' गाळलेलं आहे आणि प्रत्येकाच्या शेवटी 'बिंतिस' हा हुद्दा येतो. 'बिंतिस' वारंवार येतो म्हणून त्याला नाव ठरवण्याचा मोह होतो, पण वारंवार एकाच जागी येणारा शब्द नाव नसण्याचीच शक्यता जास्त.

रोमन काळातल्या लॅटिन लेखांत केल्टिक नावं भरपूर सापडतात आणि तिथे एफ हे अक्षर फसवतं. थडग्यावर एफ म्हणजे 'फिलिउस', मुलगा. कुंभाराच्या शिक्क्यावर एफ म्हणजे 'फेकित', याने केलं. तसंच शिक्क्यावर ओएफ आलं तर तो कारखाना, आणि पुढचं नाव षष्ठीत. 'ओएफ मास्क्ली' म्हणजे मास्क्लुसचा कारखाना. मास्क्ली नावाचा माणूस नव्हे.

प्रत्यय काढा

चौकट कळली की प्रत्येक नावाची विभक्ती ठरवा आणि मूळ रूप लिहा. गॉलिशमध्ये पुल्लिंगी '-ओस' प्रथमा, '-ई' षष्ठी, '-ऊई' चतुर्थी. स्त्रीलिंगी '-आ' प्रथमा, '-आई' चतुर्थी, पुढच्या काळात षष्ठी '-इआस'. केल्टिबेरियनमध्ये '-ओस'ची षष्ठी '-ओ' होते; हा एक फरक विसरला की बापाचं नाव चुकतं. ओगममध्ये '-ई', '-आस', '-ओस', '-इआस' असे षष्ठीचे प्रत्यय मिळतात. ओगम दगडावर नाव बहुधा षष्ठीतच असतं ('अमक्याचा दगड'), म्हणून प्रथमेचं रूप आपण रचावं लागतं. रचलेल्या प्रत्येक रूपाआधी तारांकन टाका. तारांकन न टाकलेलं रचलेलं रूप पुढच्या वाचकाला दगडावरचं वाटतं आणि तिथून खोटी नावं जन्माला येतात.

प्रत्ययाच्याही मागे कधी कधी काहीतरी चिकटलेलं असतं. उत्तर इटलीत ओर्नावास्सो इथे मिळालेल्या भांड्यावर 'लातुमारुई साप्सुताइपे' असं आहे. पहिला शब्द सरळ: लातुमारोसला. दुसऱ्यात साप्सुता हे बाईचं नाव, '-आई' चतुर्थी, आणि '-पे' म्हणजे 'आणि'. आपल्या संस्कृत 'च'सारखाच हा शब्दाच्या मागे लागतो, आणि मुळात दोन्ही एकच आहेत. तो न काढता 'साप्सुताइपे' असं बाईचं नाव वहीत गेलं तर ते नाव जगात दुसरीकडे कुठेच सापडणार नाही.

बापाचं नाव सांगण्याच्या गॉलिश पद्धती तीन. सरळ षष्ठी: अलीझ-सेंत-रेनच्या लेखात 'मार्तिआलिस दान्नोताली', दान्नोतालोसचा मार्तिआलिस. '-इक्नोस' प्रत्यय: त्रुतिक्नोस. आणि '-एओस', '-इओस' अशी विशेषणं, वरचा विल्लोनेओस. उत्तर इटलीतल्या लेपोंटिक (तिथली जुनी केल्टिक भाषा) लेखांत यांच्याऐवजी '-आलोस' येतो. 'पिवोतिआलुई' असं दिसलं तर 'पिवोतिओसच्या मुलाला', पिवोतिआलुस नावाच्या माणसाला नव्हे.

हे सगळं एका दगडावर पडताळून बघायचं असेल तर इटलीतल्या तोदीचा दगड घ्या. हा १८३९ साली मिळाला. त्यावर वर लॅटिन, खाली गॉलिश, तोच मजकूर. गॉलिश भाग: 'आतेक्नाती त्रुतिक्नी कार्नितु आर्तुआश कोइसिस त्रुतिक्नोस'. लॅटिन भागात कोइसिसबद्दल 'कोइसिस द्रुती एफ' आणि पुढे 'त्याचा धाकटा भाऊ' असं येतं.

आता ओळीने चला. लॅटिनमधल्या 'द्रुती एफ'च्या जागी गॉलिशमध्ये 'त्रुतिक्नोस' आहे. म्हणजे '-इक्नोस' बरोबर 'मुलगा', आणि लिपीतला त इथे द. पहिला '-इक्नी' आणि शेवटचा '-इक्नोस', कारण पहिला आतेक्नाती या षष्ठीतल्या नावाशी जुळतो (थडगं त्याचं) आणि दुसरा कोइसिस या प्रथमेतल्या नावाशी (उभारणारा तो). दोघांचा बाप एक, द्रुतोस, हे गॉलिशवरूनच कळतं, आणि लॅटिनमधला 'भाऊ' त्याला दुजोरा देतो. 'आतेक्नाती'चं मूळ रूप आतेग्नातोस. 'कार्नितु' हे क्रियापद, उभारलं किंवा रचलं अशा अर्थाचं. उरला 'आर्तुआश': वस्तूचं नाव, माणसाचं नाही. सहा शब्दांत दोनच माणसं प्रत्यक्ष हजर, तिसरा त्यांच्या नावांतून. असा द्विभाषिक लेख वाचताना लॅटिन भाग आधी हाताने झाका. गॉलिशवरून जेवढं ठरवता येतं तेवढं लिहा, मग हात काढा.

संस्कृतचा आधार आणि संस्कृतचा सापळा

इथून समासाची फोड. केल्टिक नावं बहुतेक दोन पदांची असतात, आणि तत्पुरुष-बहुव्रीही शिकलेल्या माणसाला ती पटकन लागतात. केल्टिक आणि संस्कृत एकाच मोठ्या घराण्यातल्या, त्यामुळे बरीच पदं ओळखीची निघतात. पण ती ध्वनिबदलाच्या नियमांतूनच ओळखायची, कानाने नाही.

नियम मोजके पुरतात. संस्कृतात जिथे अ आहे तिथे केल्टिकमध्ये ए किंवा ओ असू शकतो: जन आणि गेनो. संस्कृत ज, श यांच्या जागी ग, क: राज आणि रिग, शुन आणि कुनो. महाप्राण गेलेले: मधु आणि मेदु, अभि आणि आंबी. प बहुतेक जागी पार गळालेला: उपरि आणि वेर, उप आणि वो, प्र आणि रो. अश्व शब्दातल्या 'श्व'च्या जागी गॉलिशमध्ये प: एपो म्हणजे घोडा. सु- आणि वीर हे तर जवळजवळ जसेच्या तसे. विरो- म्हणजे पुरुष. सेगो- (विजय, बळ) आणि वैदिक सहस् यांचं नातं याच नियमांनी जुळतं.

सापळे असे. 'मारोस' म्हणजे मोठा, पण संस्कृत महा-शी त्याचा संबंध नाही. महाचा भाऊबंद मागलो-, सरदार. 'द्रुतोस' बघून संस्कृत द्रुत आठवतो, पण वेल्शमधला जवळचा शब्द शूर, धाडसी या अर्थाकडे नेतो. म्हणून वहीत 'द्रुतोस: वेगवान' असं लिहू नका, दोन्ही शक्यता लिहा. सगळ्यात अवघड '-ग्नातोस': याचं मूळ जात (जन्मलेला) असू शकतं किंवा ज्ञात (ओळखीचा). संस्कृतात ज आणि ज्ञ वेगळे राहिले, केल्टिकमध्ये दोन्ही एका रूपात मिसळले. 'किंतुग्नातुस'मध्ये किंतु- म्हणजे पहिला, तेव्हा 'पहिला जन्मलेला' हे सरळ बसतं. 'आतेग्नातोस'मध्ये तसा निर्णय करता येत नाही, आणि केला नाही तरी काही बिघडत नाही.

फोड कुठे करायची हाही प्रश्न असतोच. रोमन सेनापती सीझरशी लढलेल्या गॉलिश सरदाराचं नाव, वेर्किंगेतोरिक्स, घ्या: वेर- (वर, श्रेष्ठ), किंगेतो- (योद्धा), रिक्स (राजा). 'श्रेष्ठ योद्ध्यांचा राजा' की 'योद्ध्यांवरचा श्रेष्ठ राजा'? सीझरच्या लिखाणात किंगेतोरिक्स नावाची माणसं स्वतंत्रपणे येतात, म्हणजे किंगेतो-रिक्स ही जोडी आधीच तयार होती आणि तिला वेर- लागला असं म्हणायला आधार आहे. विग्रह असा दुसऱ्या नावांवरून ठरवायचा. एखादं पद एकाच नावात सापडत असेल तर त्याच्या अर्थापुढे प्रश्नचिन्ह टाका.

नाव ग्रंथात एक आणि नाण्यावर दुसरं असेल तर नाणं आधी. सीझर दुम्नोरिक्स लिहितो, नाण्यावर दुब्नोरेइक्स आहे. 'ब्न' जुना, 'म्न' नंतरचा उच्चार. मूळ पद दुब्नो-, खोल किंवा जग.

'-रिक्स'वरून माणूस पुरुष आहे असंही धरू नका. उत्तर इंग्लंडमधल्या ओल्ड कार्लाइलच्या थडग्यावर तांकोरिक्स हे नाव आहे आणि त्यापुढेच 'मुलिएर', बाई, साठ वर्षं जगली. तांको- म्हणजे शांतता. लिंग शेजारच्या शब्दांवरून ठरतं: मुलगा, मुलगी, बाई, विशेषणाचा प्रत्यय.

जिथे अर्थ लावू नये

दुहेरी व्यंजनांची आखूड नावं, लुब्बुस, बाब्बुस, आत्तो, ही बहुतेक लाडाची किंवा तुकडा पाडलेली नावं. पांडूवरून पांडुरंगाचं तत्त्वज्ञान काढण्यात अर्थ नसतो. एप्पो हे एपो- पासून, इतपत लिहायचं आणि पुढे जायचं.

देवाचं नाव असलेली नावं वेगळी. कामुलोगेनुस, म्हणजे कामुलोस देवापासून जन्मलेला. यावरून तो माणूस कामुलोसचा भक्त होता असं ठरत नाही. पालच्या खंडोबाच्या पंचक्रोशीत प्रत्येक खंडू वारीला जातोच असं नाही. पण एकाच भागात अशी नावं ढिगाने मिळाली तर त्या देवाचा तिथे जोर होता असं म्हणता येतं.

मग रोमन वाटणारी नावं. गॉलमध्ये रोमन राज्य आल्यावर लोकांनी अशी लॅटिन नावं उचलली, जी कानाला किंवा अर्थाला आपल्या जुन्या नावाजवळची होती. प्रिमुस हा किंतुग्नातुसचा सरळ अनुवाद असू शकतो. अलीझच्या लेखात मुलगा मार्तिआलिस, बाप दान्नोतालोस, एका पिढीत बदल समोर दिसतो. म्हणून केल्टिक प्रदेशातलं लॅटिन नाव 'रोमन माणूस' म्हणून बाजूला टाकू नका. बापाचं नाव बघा.

बायकांची नावं मुद्दाम शोधावी लागतात, कारण बऱ्याच लेखांत त्या येतच नाहीत. अपवाद म्हणजे १९८३ साली फ्रान्समधल्या लार्झाक भागात एका थडग्यात मिळालेला शिशाचा पत्रा. जादूटोण्याचा मजकूर आणि त्यात बायकांची यादी. तिथे एकदा 'आइआ दुख्तिर आदिएगिआस' येतं आणि पुढे 'आदिएगा मातिर आइइआस'. तीच दोघी, एकदा लेकीकडून, एकदा आईकडून. दुख्तिर म्हणजे दुहितृ, मातिर म्हणजे मातृ, आणि '-इआस' ही षष्ठी, तिन्ही गोष्टी या एका जोडीवरून पक्क्या होतात. त्याच यादीत 'दोना' असंही एक नातं आहे, त्याच्या अर्थावर मतभेद आहेत. ही आई-लेक नाती रक्ताची की मंत्र देणारी आणि घेणारी अशी, यावरही अभ्यासकांत वाद आहे. वंशवृक्ष काढण्याआधी ते ध्यानात घ्या.

नोंद कशी करायची

प्रत्येक नावाला एक पान. सगळ्यात वर दगडावरचं वाचन अक्षर-अक्षर सुटं. तुटलेला आणि आपण भरलेला भाग चौकोनी कंसात, संक्षेपाचा विस्तार गोल कंसात, संशयित अक्षराखाली टिंब. ही जगभर चालणारी पद्धत आहे, बदलू नका. त्याखाली विभक्ती, मग तारांकित मूळ रूप, मग फोड, मग त्याच पदांची दुसरीकडे सापडलेली किमान दोन नावं. शेवटी अर्थ, आणि त्यापुढे पक्का, संभव किंवा अंदाज यांपैकी एक शब्द. दोन समांतर नावं मिळाली नाहीत तर 'पक्का' लिहायचं नाही.

देवनागरीत लिहिताना एक खबरदारी. आपली लिपी ऱ्हस्व-दीर्घ आणि शेवटचा अ ठरवायला लावते, दगड तसं काही सांगत नाही. म्हणून मूळ वाचनाची ओळ रोमन अक्षरांतच ठेवा, देवनागरी फक्त चर्चेसाठी. ओगममधला क्व आणि क एकाच अक्षराने लिहिलात तर माक्वी आणि नंतरच्या काळातला 'मॅक' यांतला काळाचा फरकच पुसला जातो.

सुरुवात नाण्यांपासून करा, ब्रिटनमधला राजा कुनोबेलिनुस आणि वरचा दुब्नोरेइक्स यांच्यापासून. तिथे अक्षरं थोडी आणि स्पष्ट असतात. मग तोदी, मग व्हेझों. ओगममध्ये पहिला दगड वेल्समधल्या सेंट डॉगमेल्सचा घ्या, कारण त्यावर लॅटिनही आहे: लॅटिनमध्ये 'साग्रानी फिली कुनोतामी', ओगममध्ये 'साग्राग्नी माक्वी कुनातामी'. फिली आणि माक्वी समोरासमोर येतात. समासाची दोन पदं जोडणारा स्वर लॅटिनमध्ये ओ आणि ओगममध्ये अ हेही दिसतं. आणि लॅटिनमध्ये ग्न-मधला ग उडालेला असतो. त्यानंतर कास्तेल्ल द्विरानचा वोतेपोरिगिस. लॅटिनमध्ये प, ओगममध्ये 'वोतेकोरिगास', कारण त्या काळच्या आयरिशमध्ये प हा उच्चार नव्हता. लॅटिनमध्ये त्याच्या नावापुढे 'प्रोतिक्तोरिस', रक्षकाचा, असा शब्द आहे. तो हुद्दा आहे, की 'वोतेपो-' या आश्रयाच्या अर्थाच्या पदाचं केलेलं भाषांतर, हे ठरवण्याआधी दोन्ही बाजूंचे मुद्दे पानावर समोरासमोर मांडून बघा.